रायकर ठेवायची की स्पायडर आरटी घ्यायची: दादाच्या खांद्याची केस

माझा चुलत दादा ६१ वर्षांचा आहे आणि चार वर्षं तो कॅन-ॲम कंपनीची रायकर ९०० ही तीनचाकी चालवत होता. त्याआधी तीसेक वर्षं दोनचाकीच, पण डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सिग्नलला पाय टेकवून गाडीचं वजन तोलणं जमेना, दोनदा उभ्या उभ्या गाडी आडवी झाली, म्हणून तीन चाकांवर आला. मागच्या वर्षी त्याचा फोन, की रायकर देऊन टाकतो आणि स्पायडर आरटी घेतो, तू जरा दोन्हीचं बघून सांग. मी बरीच वर्षं सस्पेन्शनची कामं केलीत त्यामुळे घरात गाडीचा कुठलाही प्रश्न निघाला की तो माझ्याकडे येतो. त्या फोनपासून निर्णय होईपर्यंत चार महिने गेले. त्यात आम्ही काय केलं, काय मोजलं, कुठे चुकलो ते सगळं लिहून ठेवतोय, कारण या गाड्यांची तुलना वाचायला भरपूर मिळते पण एखाद्या घरात निर्णय नेमका कशावरून झाला ते सहसा वाचायला मिळत नाही.

आधी गाड्यांबद्दल थोडं. दोन्ही कॅन-ॲमच्याच, दोन्हीला पुढे दोन चाकं आणि मागे एक, आणि दोन्ही वळताना झुकत नाहीत, कारसारख्या सपाट वळतात. स्पायडर २००७ मध्ये आली, रायकर २०१९ च्या मॉडेल वर्षात, हलकी आणि साधी म्हणून. रायकर ९०० ला तीन सिलेंडरचं इंजिन, स्कूटरसारखा सीव्हीटी म्हणजे गिअर टाकायचा प्रश्नच नाही, मागच्या चाकाला शाफ्ट ड्राइव्ह म्हणजे चेनऐवजी फिरणारा दांडा, कोरडं म्हणजे पेट्रोल-ऑइल न धरता वजन साधारण २८० किलो. आरटीला १३३० सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, ११५ हॉर्सपॉवर, सहा गिअर पण क्लच नाही, डाव्या मुठीजवळच्या बटणाने अंगठ्याने वर आणि बोटाने खाली, खाली टाकायला विसरलात तर ती स्वतःच टाकते. वजन ४६४ किलो. म्हणजे पावणेदोनशे किलोच्या वर फरक आहे, आणि हा आकडा डोक्यात ठेवा कारण पुढे तो परत परत येणार आहे.

दादाने सांगितलेली कारणं अशी होती: सामान मावत नाही, लांबच्या प्रवासात वारा छातीवर येतो, आणि वहिनी आता मागे बसायला तयार नसतात. ही तीन. खांद्याचा उल्लेख त्या फोनमध्ये नव्हता.

मी म्हणलं ठीक आहे, पण लगेच गाडी बघायला जायचं नाही. माझा एक नियम आहे, की बदलायच्या आधी जी गाडी आहे ती जशी असायला हवी तशी करून घ्यायची आणि मग महिनाभर चालवायची, नाहीतर आपण बिघडलेल्या जुन्या गाडीची तुलना नव्या कोऱ्या गाडीशी करतो आणि त्यात नवी जिंकणारच. दादाला हे पटलं नाही, "अरे जी द्यायचीय तिच्यावर खर्च कशाला करू?" म्हणाला. मी सांगितलं की देताना पण ती सरळ चालणारी गाडी म्हणून देशील, वाया जाणार नाही. शेवटी तयार झाला.

गाडी मी स्वतः चालवली. सरळ रस्त्यावर हँडल थोडं उजवीकडे वळवून धरलं तर गाडी सरळ जात होती, सोडलं की डावीकडे ओढायची. पुढच्या दोन्ही टायरवर हात फिरवला तर आतल्या कडेला धार लागली होती. म्हणजे अलाइनमेंट गेलेलं. दादाला आठवलं की दोनएक वर्षांपूर्वी एका फुटपाथच्या कडेवर चाक आपटलं होतं, त्यानंतर एका ठिकाणी दाखवलं होतं तर त्यांनी हवा तपासून पाठवून दिलं. पुढे दोन चाकं असलेल्या या गाड्यांना टो नावाचा प्रकार असतो, दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांशी किती समांतर आहेत ते, आणि ते साध्या डोळ्यांनी कळत नाही, लेझरने मोजावं लागतं आणि मोजताना हँडल सरळ बांधून ठेवावं लागतं. ते करून घेतलं. हवेचा पण घोळ होता, दादा पुढच्या चाकांत कारइतकी हवा भरत होता. या गाड्यांचं वजन कारच्या मानाने काहीच नसतं त्यामुळे पुढच्या टायरमध्ये कारच्या साधारण निम्मीच हवा लागते, किती ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. जास्त भरली की टायर चेंडूसारखा उडतो आणि प्रत्येक खड्डा थेट हातात येतो.

या दोन गोष्टींनी गाडी ओळखू येईना इतकी बदलली. दादा दुसऱ्या दिवशी शंभरेक किलोमीटर फिरून आला आणि म्हणाला की हातात मुंग्या आल्या नाहीत. मुंग्या? हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग हळूहळू बाहेर आलं की उजवा खांदा वर्षभर दुखतोय, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, फिजिओथेरपिस्ट म्हणाला की खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू सुजलेत. दादाने घरात सांगितलं नव्हतं कारण त्याला वाटलं की सगळे म्हणतील गाडी बंद कर.

इथून माझ्यासाठी प्रश्नच बदलला. सामान आणि वारा या गोष्टी पेटी लावून, काच लावून बऱ्याच भागतात. खांदा भागत नाही.

आता खांद्याचा आणि या गाडीचा संबंध काय ते नीट सांगतो, कारण दोनचाकीवरून आलेल्या बहुतेकांची इथेच चूक होते. दोनचाकी वळवताना आपण झुकतो, वळणात शरीर आणि गाडी एकाच रेषेत असतात, त्यामुळे अंगावर बाजूला ओढ अशी जाणवतच नाही. न झुकणाऱ्या तीनचाकीवर वळणात शरीर बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. मग माणूस काय करतो, हँडल घट्ट पकडून स्वतःला धरून ठेवतो. म्हणजे हँडल वळवायचं काम पण हात करतायत आणि अख्ख्या धडाला सांभाळायचं काम पण हातच करतायत. हे चूक आहे. बाहेरच्या बाजूच्या फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंटीवर, पाय दाबायचा, आतल्या बाजूला कमरेतून किंचित झुकायचं, आणि हात सैल ठेवायचे, कोपर वाकलेलं. दादा चार वर्षं हँडलला लटकून वळत होता. त्याला मी एका रिकाम्या मोठ्या पार्किंगमध्ये दोन रविवार हेच करायला लावलं, आधी हळू, मग जरा वेगात. डाव्या वळणाला उजवा पाय दाब, उजव्या वळणाला डावा, आणि डाव्या गुडघ्याला जेवढं झेपेल तेवढंच.

आणि एक वही केली. रोज फिरून आल्यावर खांदा दहापैकी किती दुखतोय, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर किती. सकाळचा आकडा जास्त महत्त्वाचा, गाडीवर असताना उत्साहात दुखणं कळत नाही. अलाइनमेंट आधीच्या दिवसांसाठी दादाने आठवून सहा-सात सांगितले. तीन आठवड्यांनी लांबच्या सरळ रस्त्यावरच्या दिवसांना सकाळी दोन-तीन येत होते. पण गावात फिरलेल्या दिवसांना, जिथे हळू वळणं, पार्किंग, यू-टर्न, तिथे अजून पाचच्या खाली येईना.

याचं कारण सरळ आहे, रायकरला पॉवर स्टेअरिंग नाही. पुढची दोन चाकं थेट हाताच्या ताकदीवर वळवायची. वेगात ते हलकं लागतं, पण गाडी जवळजवळ थांबलेली असताना दोन टायर रस्त्यावर घासून वळवायला जोर लागतो. दणकट खांद्याच्या माणसाला यात काहीच वाटणार नाही, उलट कित्येकांना रस्ता थेट हातात कळतो म्हणून हेच आवडतं, आणि गाडी हलकी ठेवायची तर ते बरोबरच आहे. स्पायडरला मात्र वेगानुसार मदत कमीजास्त करणारं इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आहे. दादाच्या मूळ तीन कारणांत हे नव्हतंच, आणि माझ्या मते गाडी बदलायचं पहिलं खरं कारण हे होतं.

दुसरं खरं कारण वहिनींकडून कळलं.

मी त्यांना विचारलं की तुम्ही मागे बसायचं का सोडलंत, सीट टोचते का, भीती वाटते का. त्या आधी म्हणाल्या, "नाही हो भाऊजी, कंटाळा येतो." मग थोड्या वेळाने, दादा आत गेल्यावर, म्हणाल्या, "वळणावर मी यांचा खांदा धरते, दुसरं धरायला जवळ काही नाही, आणि धरला की हे कळवळतात. बोलत नाहीत, पण मला मागून कळतं ना. मग मीच यायचं बंद केलं." दोघंही एकमेकांना जपत होते आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. मला ते ऐकून खूप वाईट वाटलं. वर्षभर दादा समजत होता की हिला आता माझ्यासोबत यायची हौस राहिली नाही.

रायकर मुळात एकट्याने चालवायची गाडी म्हणून बनवलीय, साध्या मॉडेलवर मागे माणूस बसवायचा तर मॅक्स माउंट नावाची वेगळी चौकट लावावी लागते, दादाने ती लावलेली होती आणि वर मागची सीट. पाठ टेकायला नव्हतं. न झुकणाऱ्या गाडीवर मागच्या माणसाला वळण दिसत नाही, अचानक बाहेर ओढलं जातं, हातात हँडल नसतं, त्यामुळे कंबरेला आणि बाजूने आधार लागतोच. हे चालवणाऱ्याला कधी कळत नाही. मी दादाला सांगितलं की एकदा तू मागे बस आणि मी चालवतो. दहा मिनिटांत उतरला, काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून वारा आणि सामान हे शब्द त्याने काढले नाहीत.

मग इतर पर्याय पण बघितले, कारण तीन चाकं म्हणजे एकच प्रकार नाही आणि आरटीच घ्यायची असं आधी ठरवून कारणं गोळा करणं मला नको होतं.

आधी झुकणाऱ्या तीनचाकी. पियाजिओची एमपी३ २००६ पासून आहे, पुढे दोन चाकं पण दोनचाकीसारखी झुकते, आणि थांबताना झुकणं लॉक करता येतं म्हणजे पाय टेकवायची गरज नाही. यामाहाची नाइकेन २०१८ मध्ये ८४७ सीसी इंजिनासह विक्रीला आली, पुढे १५ इंची दोन चाकं, ४५ अंशांपर्यंत झुकते. मागे बसणाऱ्याला झुकणारी गाडी सगळ्यात सुखाची, कारण बाजूला ओढच लागत नाही, वहिनींचा प्रश्न तिथे निम्मा सुटतो. पण नाइकेनला लॉक नाही, थांबलं की मोटारसायकलसारखा पाय खाली, वर डाव्या पायाने गिअर. दादाचा डावा गुडघाच गेलेला, म्हणजे ज्या कारणाने दोनचाकी सोडली तिथेच परत. एमपी३ बसत होती, खरं सांगतो, मला स्वतःला ती आवडली, पण दादाला स्कूटरची बैठक नको होती, पाय पुढे मोडून बसलं की त्याचा गुडघा तासाभरात आखडतो. हे त्याने दोन तास बसून बघितल्यावर ठरवलं, म्हणून मी वाद घातला नाही.

मग मागे दोन चाकं असलेल्या. हा तसा जुना प्रकार, हार्लेची सर्व्ही-कार १९३२ ते १९७३ अशी एकेचाळीस वर्षं बनत होती, पोलिस आणि गॅरेजवाले वापरायचे. त्यांचीच अलीकडची ट्राय ग्लाइड २००९ च्या मॉडेल वर्षात आली. आमच्या ओळखीच्या एकांकडे आहे, त्यांनी एक दुपार चालवायला दिली. वहिनींना मागची सीट इतकी आवडली की उतरेनात, पाठीला, हाताला, सगळीकडे आधार. पण गाडी साडेपाचशे किलोच्या वर, हाताने दाबायचा क्लच, डाव्या पायाचा गिअर, आणि स्टेअरिंगला मोटरची मदत नाही. गुडघा पण लागणार आणि खांदा पण. शिवाय एक धोका दादाच्या बाबतीत खास होता. तीस वर्षांच्या सवयीने गाडी थांबली की त्याचा पाय आपोआप खाली जातो. मागे दोन चाकं असलेल्या गाडीवर पाय खाली टेकला आणि गाडी जरा जरी पुढे सरकली तर मागचं चाक पायावरून जाऊ शकतं. त्या दुपारी दोनदा त्याचा पाय खाली गेला, मी मागून बघत होतो. तिथेच तो विषय संपवला.

राहिली आरटी. पण तिच्याबद्दल मला एक काळजी होती आणि ती वजनाची.

पुढे दोन, मागे एक असा त्रिकोण असतो तेव्हा गाडी उलटते ती पुढच्या बाहेरच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत काढलेल्या तिरक्या रेषेवरून. गुरुत्वमध्य जितका पुढे तितका त्या रेषेपासून लांब, म्हणजे तितकी गाडी ठाम. मागे माणूस बसवला, मागच्या पेटीत सामान भरलं की गुरुत्वमध्य मागे पण सरकतो आणि वर पण जातो, दोन्ही वाईट. समजायला एक हिशोब करू, हे आकडे कुठल्याही गाडीचे नाहीत. समजा पुढच्या चाकांतलं अंतर १.३ मीटर, त्याचं निम्मं ०.६५. एकटा माणूस असताना गुरुत्वमध्य मागच्या चाकापासून पुढे, चाकांमधल्या लांबीच्या ६० टक्क्यांवर आणि जमिनीपासून ०.५ मीटर उंच. तर उलटायची सीमा ०.६५ गुणिले ०.६ भागिले ०.५, म्हणजे ०.७८ जी, वजनाच्या ०.७८ पट बाजूची ओढ लागली की गाडी उलटणार. आता मागे माणूस आणि सामान, गुरुत्वमध्य ५० टक्क्यांवर आला आणि उंची ०.६ झाली, तर सीमा ०.५४ जी. तीच गाडी, तेच वळण, आणि हातात असलेली शिल्लक जवळपास तीस टक्क्यांनी कमी. वळणात ब्रेक मारला की वजन पुढच्या दोन चाकांकडे जातं ते या रचनेत चांगलं, पण वळणात एकदम ॲक्सिलरेटर पिळला तर वजन एकट्या मागच्या चाकाकडे जातं, ते टाळायचं. मागे दोन चाकं असलेल्या गाडीत हे नेमकं उलट.

स्पायडर आणि रायकर दोन्हीत बॉशसोबत बनवलेली स्थिरतेची यंत्रणा आहे, आतलं चाक उचलायला लागलं की ती इंजिनची ताकद कापते आणि हव्या त्या चाकाला ब्रेक लावते, चालवणारे तिला नॅनी म्हणजे दाई म्हणतात. ती चांगली आहे, पण भौतिकशास्त्र बदलत नाही, आणि तिच्या भरवशावर वळणात घुसणाऱ्याला मी गाडीची किल्ली देणार नाही. आरटीत एक गोष्ट मात्र उपयोगाची निघाली, तिला पुढे नाकातच डिकी आहे, दोन पुढच्या चाकांच्या मध्ये. जड सामान तिथे टाकलं की मागे बसलेल्या माणसाचं वजन थोडं तोललं जातं. २०२० च्या नव्या रचनेपासून टॉप केससकट, म्हणजे मागच्या वरच्या पेटीसकट, सगळी मिळून १७७ लिटर जागा आहे, पण सगळ्या जागा सारख्या नाहीत हे लक्षात ठेवायचं. पाण्याच्या बाटल्या, हत्यारं, बूट पुढे. टॉप केसमध्ये फक्त कपडे आणि रेनकोट.

ट्रायल कशी घ्यायची यावर दादाशी माझं बऱ्यापैकी वाजलं. शोरूमवाले पंधरा मिनिटं फिरवून आणतात, त्यात इंजिन आवडतं आणि माणूस सही करतो. आम्ही भाड्याने मिळणारी आरटी दोन दिवसांसाठी घेतली. पहिल्या दिवशी वहिनींसकट आणि सामानासकट, जे नेहमी नेतात तेच, आणि मुद्दाम गावातून, तीन-चार यू-टर्न, चढावर पार्किंग आणि तिथून रिव्हर्स. दुसऱ्या दिवशी लांब सरळ रस्ता. दोन्ही दिवस वही चालू.

स्टेअरिंग अपेक्षेप्रमाणे, पार्किंगमध्ये दोन बोटांनी वळत होतं. पण एक गोष्ट मी विचारातच घेतली नव्हती ती पहिल्या पाच मिनिटांत समोर आली. रायकरची सीट जमिनीपासून जेमतेम ६० सेंटिमीटर, आरटीची ७५.५. दादाने सवयीने डावीकडून उभं राहून टांग टाकायला घेतली आणि सगळा भार त्या डाव्या गुडघ्यावर आला, तो तसाच थांबला. मला वाटलं संपलं, चार महिने फुकट. मग वहिनीच म्हणाल्या, "अहो, उजवीकडून बसा ना, ही काय पडणारे का?" आणि खरंच, डावीकडून बसायची सवय ही दोनचाकीची, तिथे गाडी स्टँडवर डावीकडे कललेली असते म्हणून. तीन चाकांवर सरळ उभ्या गाडीला बाजू नसते. उजवा पाय भक्कम आहे, त्यावर उभं राहून डावा पाय पलीकडे टाकला, बसला. दिवसभर दहा-बारा वेळा चढउतार केला, त्रास नाही.

बाकी जाणवलेलं पटापट सांगतो. वळणात आरटी जड वाटते, रायकरची चपळाई नाही आणि दादाला ती चुकली, त्याने ते लपवलं नाही. खड्डा टाळणं दोन्हीत तितकंच कटकटीचं, पुढच्या दोन चाकांच्या मधून खड्डा सोडला की मागचं चाक नेमकं त्यात जातं. ब्रेक दोन्हीला पायानेच, एक पेडल तिन्ही चाकांना, उजव्या पायाने, म्हणून गुडघ्याचा प्रश्न नाही. मागे पाठ आणि बाजूला आधार असल्यामुळे वहिनींनी दोन दिवसांत एकदाही दादाचा खांदा धरला नाही, हे मी मुद्दाम मागून दुसऱ्या गाडीतून बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत तीन, तिसऱ्या दिवशी सकाळी दोन. गावातल्या दिवसाला तीन, हा आकडा रायकरवर कधी आला नव्हता.

घरी येऊन गॅरेजच्या फरशीवर खडूने चौकोन काढला. रुंदीत फारसा फरक नाही, रायकर १५०.९ सेंटिमीटर आणि आरटी १५५.४, पण लांबी २३५ वरून २८३, म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर वाढली. गॅरेजच्या मागच्या भिंतीची फळी काढली तर बसत होती, काढली. आणि गॅरेजसमोरचा उतार आत जाणारा आहे, गाडी नाकाने आत घातली तर बाहेर येताना चढावर रिव्हर्स लागणार. रायकर दोघं मिळून ढकलू शकायचो, ४६४ किलोला ते शक्य नाही, म्हणून गाडी नेहमी उलटी आत घालायची असं ठरलं.

नवी की जुनी यावर मी ठाम होतो की वापरलेली घ्यायची, कारण खांदा पुढे कसा वागेल ते माहीत नाही आणि नव्या गाडीची पहिल्या वर्षातली घट कशाला सोसायची. वापरलेल्या आरटीत वर्ष फार महत्त्वाचं. २०१३ पर्यंतच्या आरटीत ९९८ सीसीचं व्ही-ट्विन म्हणजे दोन सिलेंडरचं इंजिन आहे, त्यातही २०१३ ला ब्रेक आणि पुढची चाकं मोठी झाली, आणि २०१४ पासून १३३० चं इंजिन, ज्याचं ऑइल १५,००० किलोमीटरला बदलायचं. दादाला २०१४ च्या आधीची बघूच नको म्हणलं, सोबत दोन माणसं आणि सामान न्यायचं तर नवं इंजिन निवांत फिरतं. बघायला गेल्यावर मी तपासलं ते हे, की पुढच्या टायरच्या आतल्या कडा, हँडल सोडल्यावर गाडी कुठे जाते, मागच्या ड्राइव्ह बेल्टच्या कडा उसवल्यात का, रिव्हर्स लगेच पडतो का, आणि चासी नंबरवरून कंपनीचं एखादं रिकॉलचं काम, म्हणजे दोषामुळे गाडी परत बोलावून करून द्यायची दुरुस्ती, राहिलंय का. पहिल्या दोन गाड्या टायर बघूनच सोडल्या. तिसरी २०२० ची, एका मालकाची, तीही लगेच घेतली नाही, मालकाला विचारून वहिनींना मागे बसवून अर्धा तास फिरवली आणि मगच बोलणं केलं.

रायकर एका तिशीतल्या मुलीने घेतली, एकटीच फिरणारी आहे, खांदे धडधाकट. तिला अलाइनमेंटचा कागद दिला आणि हवेचा आकडा टाकीवर चिकटवून दिला.

आता सात महिने झालेत. दादाचा खांदा पूर्ण बरा नाही, थंडीत आणि पावसात चार-पाचवर जातो, फिजिओथेरपी चालू आहे आणि पुढे ऑपरेशन लागलं तर काही महिने गाडी उभीच राहील हे त्याला माहीत आहे. लांब फिरताना अजून कधीकधी लटकून वळतो, मी मागे असलो की हॉर्न देतो. वहिनी मात्र सहाच्या सहा प्रवासांना गेल्यात. सामान आता त्याच भरतात, दादाला हात लावू देत नाहीत, आणि मागच्या आठवड्यात त्याने टॉप केसमध्ये हत्यारांची पिशवी टाकली तर त्यांनी ती काढून पुढच्या डिकीत ठेवली आणि मग हेल्मेट घातलं.